पन्नास फुटांवरून

ही बोटं बघ माझी.
करंगळी टोलेडोत मोडली,
मधलं व्हीलिंगला, दोनदा.
अंगठा कुठे, ते आता आठवत नाही.
सगळी आलॉइस ड्रेशरच्या चेंडूंनी.

तेव्हा हातमोजा घालणाऱ्या कॅचरला लोक हसायचे.
आलॉइस ईस्ट लिव्हरपूलचा,
चिनी मातीच्या कारखान्यात कपांना कान चिकटवणारा पोरगा.
नखांत माती तशीच घेऊन आला.
पन्नास फुटांवरून, कमरेखालून सोडायचा चेंडू,
आणि चेंडू येता येता विचार बदलायचा,
उंबऱ्यापर्यंत आलेला पाहुणा
काही आठवून माघारी वळतो ना, तसा.
फलंदाज शिव्या घालत.
मी थुंकी लावून बोटं चोळत असे.

एका उन्हाळ्यात बावन्न सामने टाकले त्यानं.
रात्री खाणावळीच्या माडीवर
दंडाला घोड्याचं मलम चोळायचा;
खोलीभर तबेल्याचा वास,
आणि त्यात आम्ही गाढ झोपायचो.

मग नियमवाल्यांनी रेघ मागे सरकवली.
कागदावर बोटभर.
खांद्याला विचार किती.

त्या हिवाळ्यात त्याला कोट मिळाला,
साखळीचं घड्याळ आणि संघाची वही.
मॅनेजर!
आगगाडीची तिकिटं, चौदा बिछाने,
कोण किती प्यायला, कोणाची बायको बाळंत.
पगाराला कमी पडलं की घड्याळ गहाण.
साखळी तेवढी पोटावर लोंबायची,
आणि आम्ही मुद्दाम विचारायचो, किती वाजले?

यंगस्टाउनला त्यानं मला बोलावलं.
वहीत माझ्या नावावर रेघ आधीच ओढलेली.
"हात गेले तुझे, मलाकी."
"कुणी घालवले?"
तो हसला नाही. घरचं तिकीट पुढे सरकवलं.
स्टेशनात पाहिलं तर पहिल्या वर्गाचं.
साखळी पुन्हा रिकामी झाली असणार.

नंतर एकदाच पाहिला त्याला,
कुंपणाबाहेरून, फुकटात.
त्याचा पिचर एकोणीसचा असेल,
सातव्या डावात कोपर खाली यायला लागलेलं.
लोक ओरडत होते, राहू दे, राहू दे त्याला!
आलॉइस चालत गेला,
पोराच्या हातातून चेंडू काढून घेतला.
सामना हरले. पेपरात त्याला भित्रा म्हटलं.

पण परत येताना
त्यानं तो चेंडू बोटांत एकदा फिरवला,
शिवणीवर दोन बोटं, अंगठा आत,
आणि इकडे कुंपणाच्या फटीशी
माझी ही वाकडी बोटं
आपोआप उघडली.