गट नंबर एकशे ब्याण्णव

तलाठ्यानं लिहिलं, मी अंगठा दिला:
विमान सरळ आलं. नाक खाली.
करडई कंबरेइतकी, फुलावर आलेली.
चतुःसीमा : पूर्वेस ओढा,
पश्चिमेस शेख मैनोद्दीनचं रान,
दक्षिणेस बाभळी. उत्तरेची ओळ
कोरीच राहिली, तिकडं धूर होता.

कोतवाल म्हणून तीन रात्री राखण केली.
रॉकेलचा वास भाकरीला लागायचा.
हवाई दलाची पोरं माती चाळायची
आपण जवस चाळतो तशी,
आणि एकमेकांशी बोलायची नाहीत.

तोवर गावात ठरून गेलं होतं :
सरावाला निघालेलं लेकरू,
खाली गाव दिसलं म्हणून त्यानं विमान वळवलं.
शाळेच्या भिंतीवर तसं रंगवलंही.
मी काय बोलणार. माझा अंगठा कागदावर.

दीड वर्षानं त्याची माय आली.
जीप ओढ्याच्या अलीकडं,
चपला हातात,
ढेकळांतून चालत.
तिची बोली मला येईना, माझी तिला.
तिनं पंजा आडवा धरला, विमानासारखा,
आणि माझ्याकडं बघितलं.

मी माझा हात उचलला.
गावावरून आणला,
जरा थांबवला,
आणि सावकाश
बाभळीकडं वळवला.

ती तिकडंच बघत राहिली,
ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला तरी.

तेवढ्या तुकड्यात अजून करडई धरत नाही.
कुंदा माजलाय.
रुक्माजी विचारतो, नांगर घालू का?
मी म्हणतो, थांब यंदा.