पाडणे

उलवे, सेक्टर एकोणीस, चौथा मजला.
लिलाव करणाऱ्या कंपनीनं पाठवली आहे
एका जर्मन वैमानिकाची उड्डाणवही,
स्कॅन करून, एकशे बारा पानं.
इंग्रजीत हवी. शब्दाला दीड रुपया.
आकडे शब्दांत धरत नाहीत.

आणि वही तर सगळी आकड्यांचीच :
क्रमांक, तारीख, उड्डाण, उतरणे, मिनिटं,
कडेला शेऱ्याचा अरुंद रकाना.
रुप्रेख्ट थिलेके, जन्म एकोणीसशे एकोणीस.
पंधराव्या वर्षी बिनइंजिनाच्या विमानात बसवून
पोरांनी टेकडीवरून ढकलला.
उड्डाण पहिलं, चाळीस सेकंद.
शेरा : गाय आडवी आली.
(मी हसले. साडेचार रुपये.)

पुढे शेरे आखडत जातात.
समुद्रावर. पाडले, एक.
ढगाखाली. पाडले, एक.
पाडली, दोन. माझ्याही पंखाची चाळण.

इंग्रजी शब्द टाइप करायच्या आधी
तोंडात येतं ते आपलंच, पाडलं.
कैऱ्या पाडल्या. भाव पाडून मागितला.
चारचौघांत तोंडावर पाडलं.
आमच्या गावाच्या तर नावातच होतं ते, चिंचपाडा.
नकाशावरून कुणी मोठ्यानं वाचलं असेल
आणि पोकलेनवाल्यानं आज्ञार्थी घेतलं.

फोटोत तो विमानाच्या शेपटाशी उभा,
तेविसाव्या वर्षी, कान मोठे,
शेपटावर पांढऱ्या रेघा.
मोजल्या. एकतीस. बिनपैशाच्या.

भरपाई संपल्यावर बा
उलव्याच्या डोंगरावर डंपर चालवायचा.
दाराला आतून खडूच्या रेघा, खेपेला एक.
दगड भरायचा, खाडीकाठच्या चिखलात ओतायचा,
आणि रात्री हात धुता धुता सांगायचा,
"आज बावीस खेपा. तेवरा डोंगर पारला."
ड त्याच्या जिभेवर कधी टिकला नाही.

त्रेचाळीस, ऑक्टोबर.
पाडले, एक. त्याची छत्री उघडली नाही.
पुढचे अकरा दिवस कोरे.
मग अक्षर डावीकडे कललेलं,
हात भाजला असेल, किंवा नसेल,
लिहिलेलं नाही.

पंचेचाळीस, मार्च. उड्डाण सहा दहा.
उतरणे : रिकामं.

मेला, असं धरून मी चहा टाकला.
पान उलटलं तर एकावन्न साल,
तेच रकाने, तीच डावी अक्षरं,
शेरा : नाशपाती, एकेचाळीस किलो, शिडी लावून.
त्यानंतर दरवर्षी नाशपातीच,
अठ्ठ्याऐंशीपर्यंत.
एका साली कीड. एका साली फक्त "बायको गेली", वजन नाही.

त्याच्या भाषेत विमानाचं क्रियापद वेगळं,
फळाचं वेगळं.
एकातून उठून दुसऱ्यात राहायला जाता येतं.
माझ्याकडे दोन्हींना एकच,
घराला, डोंगरालाही तेच.

बा गॅलरीत बसलेला असतो,
डोंगर होता तिकडे तोंड करून.
विमान खाली आलं की
कठड्यावरच्या धुळीत बोटानं रेघ ओढतो.
पाच झाल्या की आडवी.
त्याला मी ही वही थोडी थोडी सांगते.

"मंग तो उतरला का नाय?"

पाहते परत. मार्च, सहा दहा.
कंपनीच्या सूचनांत कलम सात :
मूळ वहीतला रिकामा रकाना
रिकामाच ठेवावा.