स्पिनड्रिफ्ट

स्ट्रॉमनेसच्या शेवटच्या घरात
थोरा फ्लेट काच पुसते आहे,
सकाळपासून तिसऱ्यांदा.
काचेवर मीठ, कुंपणाच्या दगडांवर मीठ,
मेंढ्यांच्या लोकरीतसुद्धा.

"स्पिनड्रिफ्ट," ती म्हणते.
लाटेच्या माथ्यावरून
वाऱ्यानं ओरबाडून नेलेलं पाणी.
डोंगरावरून उडणाऱ्या भुरभुर बर्फालाही तेच नाव,
वाळूलाही, तिचा भाऊ म्हणायचा.

आधी होतं स्पूनड्रिफ्ट.
स्पून म्हणजे चमचा नव्हे, ती हसते,
शिडं उतरवून, वादळाशी न भांडता
वारा नेईल तिकडे धावणं, जहाजाचं.
पुढे स्कॉट लोकांच्या तोंडी
उच्चार निसटला म्हणतात.

मी माझ्या लिपीत लिहून बघतो:
अक्षराच्या पायाशी होता ऊकार,
तो उडाला,
वेलांटी होऊन माथ्यावर वाकला
फुटण्याआधीच्या लाटेसारखा.

थोराला दाखवतो.
अंगठ्यानं कागद दाबून धरून
ती बराच वेळ बघते.
"आणि जहाज?
ते यात आता कुठं आहे?"

मी शोधतो.
काच पुन्हा पांढरी व्हायला लागलीय.