हादरा: नाही

मारिबोरला, द्रावा नदीच्या जुन्या काठी,
येरित्सा झुपानच्या घरी गेलो तो मोजपट्टी घेऊन.
ती म्हणाली, हा जिना. याच्या पोटात काही नाही.

जिन्याखाली काही नाही म्हणणारी घरं
मी पुष्कळ पाहिलीत.
दार उघडलं की आधी वास येतो,
मग अंगावर झाडू पडतो.

इथे झाडू पडला नाही.
निघालं ते असं: सायकलचा पंप,
बर्फावर घसरायचे बूट, तेहतीस नंबरचे,
वाळून दगड झालेला रंगाचा डबा.
आणि मागच्या भिंतीवर, माझ्या गुडघ्यापासून छातीपर्यंत,
पेन्सिलच्या आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख.
शेवटच्या रेघेवर लगेच पायरीची तळफळी.
त्यानंतर पोराचं डोकं आपटायला लागलं असणार.

बाटल्या घरभर होत्या.
पाहुण्यांच्या पलंगाखाली,
विझून गेलेल्या शेगडीच्या तोंडात,
वरच्या न्हाणीतल्या टबात, टॉवेलवर निजवलेल्या.
एकशे बारा.
व्हिंको दर शरदात टेकड्यांवर जायचा,
शिपोनच्या चार बाटल्या आणायचा,
गोराझ्दच्या लग्नात उघडू म्हणायचा.
लग्न बर्गनला झालं, सरकारी कचेरीत.
कळवलं नंतर.

मी नियम सांगितले, सगळ्यांनाच सांगतो तसे:
अंधार हवा, गारवा हवा,
बाटली आडवी हवी, म्हणजे बूच सुकत नाही.
आणि हादरा नको.
जिन्याखाली तीच तर अडचण, बाई.
वर पावलं पडतात, खाली गाळ ढवळतो.

ती कठड्यावरून हात फिरवत राहिली.
"अकरा वर्षांत या जिन्यावरून
कुणी धावलेलं नाही.
मी चढते, पण धरून धरून, दर पायरीला थांबून.
तेवढ्यानं काही ढवळत नसेल."

वहीत लिहिलं: हादरा, नाही.

मग म्हणाली, दार काचेचं कर. आत दिवा लाव.
म्हटलं, उजेडानं वाइन बिघडते.
"इतकी वर्षं अंधारात होती.
काय भलं झालं तिचं?"

मी ओकच्या फळ्या कापल्या.
तिरपा जिना सुताराला छळतो:
एकही खण दुसऱ्यासारखा नाही,
गुण्या लावावा तर भिंतच वाकडी.
मागची भिंत मी फळीनं झाकणार होतो.
ती भिंत नको, म्हणाली.
तेव्हा रेघा तशाच ठेवून खण बसवले.
मला वाटलं, आता ही साल बघून लावेल,
ज्या वर्षाची रेघ त्या वर्षाची बाटली.
सुचवलंसुद्धा.
"ही काय शाळा आहे?" म्हणाली,
आणि लेबलावर पक्षी असलेल्या सगळ्या वर लावल्या.

जिना जिथे जमिनीला टेकतो
तिथे एक त्रिकोण उरला.
त्यात बाटली मावेना. ती बूट घेऊन आली.

पैसे मोजून झाल्यावर तिनं एक बाटली उघडली,
टबातली, सगळ्यात जुनी.
वास घेतला. मला दिली. मीही घेतला.
शुद्ध व्हिनेगर.
काही न बोलता ती स्वयंपाकघरात गेली,
उकडलेल्या बटाट्यांवर ते शिंपडलं,
वर भोपळ्याच्या बियांचं काळंशार तेल.
आम्ही पातेलं पुसून खाल्लं.
गेल्या कित्येक महिन्यांत इतकं चांगलं जेवलो नव्हतो.

हात धुवायला वर गेलो.
उतरताना सवयीनं दोन दोन पायऱ्या टाकल्या
आणि खाली काच किणकिणली.
वरच्या ओळीत लोकरीची पट्टी लावायची राहिली होती.
ओशाळून मी हत्यारांची पेटी पुन्हा उघडली.

ती दारात उभी, हातात ओलं फडकं.
"राहू दे ते," म्हणाली.
"परत वर जा.
आणि तसाच खाली ये."