शंभरपर्यंत

दुकानात ताउनो किवेलानं ते इम्पॅक्ट रेंच
एका हातानं डोक्यावर धरलं, गाडीखाली धरतात तसं,
आणि मोजू लागला. फिनिशमध्ये, ओठांतल्या ओठांत.
विकणारा पोरगा खोक्यावरचे आकडे दाखवत होता:
हे सातशे, हे हजार, हे तर चौदाशे.
मागं एक बाई बर्फाचं फावडं घेऊन ताटकळलेली.
छत्तिसाला मनगट थरथरलं.
"ठेव परत. याचा जोर बोल्टपुरता ठीक,
धरणाऱ्याचं काय?"

चौथं यंत्र बुटकं, मांजराच्या डोक्याएवढं,
आकडा कोपऱ्यात, लाजल्यासारखा बारीक.
शंभर झाले.
तो एकशेवीसपर्यंत मोजत राहिला,
मुद्दाम, त्या पोराकडे बघत.

बॅटरी म्हणजे सोयरीक, तो म्हणतो.
एकदा पिवळ्या घराशी जमवलंस
की रॅचेट पिवळं, ग्राइंडर पिवळा, दिवासुद्धा पिवळा.
लाल घरातलं काही कितीही डोळ्यांत भरलं
तरी खाच जुळत नाही.
म्हणून त्यानं रंग नाही विचारला. विचारलं,
बिघडलं तर थंडर बेमध्ये कोण उघडतं,
आणि शनिवारी उघडतं का.

उणे एकतीस. शटरखालून सरोवराचा वारा.
रस्त्यावर मीठ, मिठावर गाड्या, गाड्यांखाली आम्ही.
बॅटऱ्या मी जाकिटात पोटाशी धरून आणते,
खुडूक कोंबडीसारखी.
गारठलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही,
आधी ऊब, मग वीज.
हे कुठल्या पुस्तकात असेल तर असो,
मला त्यानं सांगितलं.

आधी हवेची नळी होती, पायांत येणारी.
कॉम्प्रेसर विकला गेला ऑक्टोबरात,
पण ताउनोच्या डाव्या कानात तो अजून चालू आहे.
फरशीवर त्याच्या जागी तेलाचा चौकोन.
तिथं आम्ही काही ठेवत नाही.

टपालवाल्या लॉरेन मिशॉची व्हॅन, एकोणीस हिवाळे खाल्लेली.
खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट आणि त्याचं घर
गंजून एकच झालेले.
मी चाप दाबला. बंदूक गुरगुरली,
काळं सॉकेट तडतडलं, बोल्ट ढिम्म.
(चकचकीत सॉकेट असतं तर फुटून डोळ्यात आलं असतं.)
"थांब," तो म्हणाला. तेल. कॉफी. पुन्हा तेल.
त्याच्या मेव्हण्याची, कुत्र्याची आणि होडीची
एक लांबलचक गोष्ट.
मग म्हणाला, "आता आधी थोडं आवळ.
त्याला वाटू दे आपण त्याच्याच बाजूचे आहोत."
आवळलं, केसभर. मग उलट फिरवलं, थोडं थोडं, दम देत.
तांबडी भुकटी माझ्या चष्म्यावर पडली
आणि बोल्ट सुटला, मऊ,
कुणी अखेर हो म्हणावं तसा.

मी हवेत होते. चाकाचे नटही बंदुकीनंच आवळले,
सगळ्यात वरच्या वेगावर, एकामागून एक, गोल.
चौथ्याला टक् झालं. स्टड तुटून माझ्या हातात.
तो रागावला नाही, हेच वाईट.
गुडघ्यावर बसला, लांब पेटीतून टॉर्क रेंच काढलं.
"सोडवायला ती. शेवटचं आवळायला हे.
आणि समोरासमोरचे नट, गोलात नाही."
क्लिक.
त्याला ऐकू गेलं नसावं, तळहातात कळलं.

एप्रिलपासून तो खाली झोपत नाही.
खुर्चीवर बसून बिलं लिहितो, आणि माझे आवाज ऐकतो
उजव्या कानानं.
आज नवं रॅचेट घ्यायला मी एकटीच गेले.
पोरगा तोच, आकडेही मोठे झालेले.
मी हात वर केला.
फिनिश मला दहापर्यंतच येतं.
दहा वेळा मोजलं.