दोन सूत

वादी कबीर, तिसरा मजला, जिन्यात उदाचा वास.
बदरियाबाईंनी बोट दाखवलं: हे सगळं दिसायला नको.
हे सगळं, म्हणजे पोट सुटलेला गीझर,
खाली गुंतलेले पाइप, लाल कॉक, निळा कॉक,
आणि ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हखाली लबनचा रिकामा डबा.
गुरुवारी लेकीचा साखरपुडा. पाहुणे इथूनच जाणार.

मी माप घेतलं. भिंत गुण्यात नव्हती.
या गावात एकही भिंत गुण्यात नाही.
लाकूड फुगतं बाई, दोन सूत जागा सोडतो.
त्यांना सूत कळेना. मी बोटांची चिमूट दाखवली.

शफीउल करवत चालवताना म्हणाला,
गरम पाण्याला कपाट कशाला?
जूनमध्ये निळ्या नळालाच चटका बसतो,
टाकी गच्चीवर शिजते,
गार पाणी मिळतं ते बंद गीझरमधून.
खरं आहे. आमच्या खोलीतही तसंच.
फक्त आमचे पाइप उघडे,
त्यांवर सात जणांचे बनियन.

मरीन प्लाय. हवा खेळावी म्हणून तिरक्या पट्ट्यांची दारं.
कॉकपाशी हात जाईल एवढी खिडकी.
आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ३१ इंच ६ सूत,
मराठी आकड्यांत. पुसलं नाही. कोण बघतंय.

श्रावणात, म्हणजे इथल्या भर उकाड्यात, फोन:
दार लागत नाही, तुझं लाकूड फुगलं.

रंधा घेऊन गेलो.
लाकूड जिथल्या तिथं होतं.
बंद गीझरच्या मागे एक कापडी पिशवी,
तिचा बंद बिजागरीत अडकलेला.
तोंड उघडं होतं, म्हणून दिसलं:
चांदीचा एकच वाळा, तान्ह्याचा,
आणि साबणाची वडी, कागद न काढलेली.
मागे कुमुदिनी उभी, कामवाली,
हातात ओलं फडकं, नजर माझ्या हातांवर.

आतून बाईंनी विचारलं, काय झालं?
फुगलंय, म्हटलं. दमट हवा.
आणि चांगल्या कडेवरून रंधा दोनदा फिरवला,
नुसता आवाज व्हावा म्हणून.

मग पिशवीत उरलेली फळी होती, ती
पाइपांच्या वर, खोल,
वाकून पाहिल्याशिवाय दिसू नये अशी ठोकली.
कुमुदिनीनं टॉर्च धरला. बोलली नाही.

किती झाले, बाई म्हणाल्या.
दोन रियाल, म्हटलं.
रंध्याचे.