उपयोगिता प्रमाणपत्र

प्रमाणित करण्यात येते की
मंजूर अनुदानाचा दुसरा हप्ता
आम्हांस एकतीस मार्चला
दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मिळाला
आणि त्याच दिवशी संपवायचा होता.

हे वाक्य मी खोडलं.
असं लिहीत नाहीत.
खारघरच्या या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
बावीस वर्षं झाली मला; काय लिहितात ते ठाऊक आहे:
रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली
त्याच कारणासाठी वापरली.
खाली सही. शिक्का.

कारण तळमजल्यावर आहे,
उणे ऐंशी अंशांच्या कपाटात.
दार उघडलं की वाफ पायांवर सांडते.
सातशे बारा नळ्या,
एकेकीत मसुरीच्या डाळीएवढा
कोणाचा गाल, कोणाची जीभ.
नळ्यांवर फक्त आकडे.
नावं माझ्याकडे,
कारण येण्याजाण्याचे दीडशे रुपये
मी मोजून देते, व्हाउचरवर सही घेते.
कुठला आकडा कोणाचा
ते मला कळू नये अशी सोय आहे.

हिराजी मढवी, ओवे गाव.
बोलता येत नव्हतं. नातवाच्या पाटीवर लिहिलं,
सिडकोला शेत दिला तवा पन
असाच कागद होता.
मग संमतीवर सही केली, सावकाश, पूर्ण आडनावासकट.
दीडशे घेतले, दहा परत ठेवले.
रिक्षाचे एकशे चाळीसच झाले होते.
ते दहा रुपये कोणत्या शीर्षाखाली जमा करावेत
यावर दिल्लीशी माझा पत्रव्यवहार
सात महिने चालला.

फेब्रुवारीत कॉम्प्रेसर बसला. रात्री. शनिवारी.
दुरुस्तीचा करार डिसेंबरलाच संपलेला,
नूतनीकरणाची फाईल माझ्याच टेबलावर,
तिसऱ्या सहीसाठी थांबलेली.
नाझनीन मुकादम,
जिची फेलोशिप सप्टेंबरपासून यायची आहे,
जी सेक्टर बारामध्ये दहावीच्या मुलांना
विज्ञान शिकवून खोलीचं भाडं भरते,
ती तळोज्याच्या आइस्क्रीमवाल्याचं शटर
ठोकत राहिली.
पंचेचाळीस किलो कोरडा बर्फ,
स्कूटरवर, थर्माकोलच्या खोक्यांतून, तीन खेपांत.
उधार.
नळ्या वाचल्या. तिची बोटं सोलली.

लेखापरीक्षकांचा आक्षेप:
कर्करोगाच्या प्रकल्पात आइस्क्रीम कंपनीचं बिल कसं?
मी खुलासा दिला:
वितळू नये म्हणून.
परिच्छेद अद्याप निकाली निघालेला नाही.

आमचे भावोजी विचारतात, एवढे पैसे जातात,
औषध सापडलं का?
नाही.
काय सापडलं मग?
नाझनीन सांगते, एक खूण दिसतेय,
साधारण साठ नळ्यांत,
खूण असेलही, धूळही असेल,
अजून तीन वर्षं लागतील.
अनुदान अठरा महिन्यांचं आहे.
भावोजींना मी हे सांगत नाही. त्यांच्या खिशातली
पुडी बघत राहते.
तिच्यावरचा करही शेवटी
कुठल्यातरी शीर्षाखाली इथेच येत असेल,
निदान थोडा.

मे महिन्यात मढवींचा मुलगा आला.
म्हटलं, व्हाउचर काढू?
नको म्हणाला. नुसता विचारायला आलो,
बाबांचं अजून आहे का इथं?
तळमजल्यावर बाहेरच्यांना मनाई आहे.
मी नेलं.
त्यानं चपला काढल्या,
कपाटाच्या दारावर तळवा ठेवला.
यंत्र घुमत होतं.
कुठली नळी, मला माहीत नाही, माहीत असू नये.
आहे, म्हटलं.

तर, प्रमाणित करण्यात येते की
रक्कम त्याच कारणासाठी वापरली.
अखर्चित शिल्लक: रुपये दहा फक्त.
ती परत न मागवता
पुढील वर्षात वापरण्यास
अनुमती मिळावी, ही विनंती.